दस्तगीरचाचांना गेलेलं तयार उत्तर

१. मागच्या महिन्यात दस्तगीरचाचांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. फोनने सुचवलेलं उत्तर दाबलं : "सध्या कामात आहे, नंतर फोन करते."
२. त्यांचा मेसेज आला : "काही काम नव्हतं. सवडीने कर."
३. मी केला नाही.
४. काल दुपारी चाचा गेले.
५. त्यांच्या मुलीने, रेहानाने, चाचांच्या ओळखीच्यांचा ग्रुप करून आपल्या नंबरवरून सगळ्यांना कळवलं. फोनने पुन्हा तीन उत्तरं सुचवली. मी पहिलं दाबलं : "भावपूर्ण श्रद्धांजली."
६. रेहानाने विचारलं, "आपण कोण?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. माझं नाव तिच्या फोनमध्ये असायचं कारण नाही, आणि त्या दोन शब्दांवरून मी कोण ते कळण्यासारखं नव्हतं.

दस्तगीरचाचा ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. तिथं ऑइल इंजिनचे पार्ट बनायचे.

गावोगावची गिऱ्हाइकं पोस्टकार्डवर ऑर्डर पाठवायची. चाचा मराठी टाइपरायटरवर उत्तर द्यायचे. ऑर्डर मिळाली. माल अमुक ट्रान्सपोर्टने निघाला. रोज तेच पत्र, फक्त नावं वेगळी.

ते काम कॉम्प्युटरवर आणायला मला घेतलं होतं. डिप्लोमा नुकताच झाला होता. कामाशिवाय मी कुणाशी बोलत नसे.

कॉम्प्युटरच्या केबिनमध्ये चपला बाहेर काढून जायचा नियम होता.

चाचा दारात उभे राहून म्हणाले, "दर्ग्यात बी चपला काढतो, हितं बी काढतो. तिथं नवसाला पीर तरी पावतो. हितं काय मिळतंय?"

मी म्हणाले, "हितं पत्रं मिळतात."

प्रोग्रॅम चांगला झाला होता. ऑर्डर भरली की पत्र आपोआप छापून यायचं. प्रिंटरला मराठी येत नव्हतं, म्हणून पत्र इंग्रजीत. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं. खाली सही नाही.

थोड्याच दिवसांत गगनबावड्याकडचा एक शेतकरी गावच्या पोलीस पाटलांना सोबत घेऊन हजर झाला. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्याला ती कोर्टाची नोटीस वाटली होती.

"माझं काय चुकलं, त्येवढं सांगा."

चाचांनी दोघांना बसवलं, चहा मागवला.

"पावणं, तुमची पिस्टन रिंग निघाली हाय. ह्यात त्येवढंच लिवलंय."

"मग इंग्रजीत कशाला?"

"आमच्या मशीनला मराठी येत न्हाय. शिकतंय अजून."

त्याने माझ्याकडे बघितलं. "ह्या शिकवत्यात व्हय?"

"व्हय."

"मग जरा मारून मुटकून शिकवा म्हणावं. दोन दिस जेवलो न्हाय मी."

पाटील हसले. तो हसला नाही.

त्याच्यानंतर असे आणखी काही जण आले. मालक वैतागले, म्हणाले मशीन परत पाठवा. माझी नोकरी त्या मशीनबरोबरच जाणार होती.

चाचा मध्ये पडले. "मशीन ऱ्हाऊ द्या की. कागद खाली मोकळाच हाय. तिथं मी लिवतो."

तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली चाचांच्या हातची ओळ असायची. घाबरू नका, माल निघाला आहे. पाऊस कसा आहे. मुलाची तब्येत आता कशी. खाली नाव : दस्तगीर.

मला ते पटत नव्हतं. मी म्हणाले, "चाचा, मग हे आपोआप होऊन उपयोग काय?"

"तुझं मशीन माल निघाला सांगतंय. कोण सांगतंय त्ये न्हाय सांगत."

"कंपनीचं नाव वर छापलंय."

"कंपनीला कुणी वळखत न्हाय, पोरी. मला वळखत्यात."

त्यात घोळही व्हायचे. नेसरीच्या एका बिनलग्नाच्या डीलरला त्यांनी "वहिनींना नमस्कार" लिहून पाठवलं. तो आला तेव्हा म्हणाला, "चाचा, नमस्कार पोचला. आता वहिनी बी तुम्हीच पाठवा."

चाचांनी खरंच दोन स्थळं सुचवली. दोन्ही जमली नाहीत.

पुढे मी पुण्याला गेले. जन्मभर हेच काम केलं. बँकांची पत्रं, कंपन्यांचे मेसेज, गिऱ्हाइकाने काय विचारलं की काय उत्तर जावं, ते आधीच लिहून ठेवणं.

चाचा मात्र दर ईदला फोन करायचे. सुरुवात ठरलेली. "काय बाई, मशीनला आलं का मराठी?"

मशीनला आता मराठी येतं. इतकं येतं की शोकसुद्धा व्यक्त करता येतो.

ग्रुपवर कालपासून सगळ्यांनी हेच दोन शब्द टाकलेत. त्यांना मी काही म्हणणार नाही. पण ही तयार उत्तरं कशी निवडली जातात, त्यांत पाठवणाऱ्याचं किती कमी असतं, हे मला नेमकं ठाऊक आहे. तरी मी ते दाबलं. आणि दाबून लगेच पुढची मेल उघडली.

याची लाज वाटते. दुसरा शब्द सापडला नाही.

रेहानाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे लिहून झालं की आधी तिला पाठवेन, मग इथं टाकेन.

रेहाना, मी सुनंदा. तुझ्या अब्बांबरोबर कारखान्यात होते. माझी नोकरी त्यांच्यामुळे टिकली. त्यांचा शेवटचा फोन मी घेतला नाही, नंतर केलाही नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

शनिवारी कोल्हापूरला येऊन तुला आणि अम्मींना भेटायचं आहे. तुला नको असेल तर येणार नाही, आणि त्याचं कारणही विचारणार नाही.

हो किंवा नाही, एवढंच शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.