विकायच्या घरातली चूल

मिरजेहून वडिलांचा निरोप नेहमी एकच असायचा. घर बघायला कुणी आलं तर सगळं उघडून दाखव, काही लपवू नकोस.

घर बंगळूरला, चामराजपेटेत होतं. वडील इथल्या एका कारखान्यात फिटर होते. इथली थंडी त्यांच्या दम्याला सोसेना, म्हणून नोकरी सोडून ते आणि आई मिरजेला काकांकडे राहायला गेले. मी बी.एस्सी.साठी मागे राहिलो. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शिक्षण अर्ध्यावर सोड असं कुणी म्हटलं नाही. घर विकायचं कामही मग माझ्याकडेच आलं. शिकलेला आहे, तो बघेल, असं सगळ्यांना वाटलं. घर कसं विकतात हे मला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

काकांच्या घरी आई-वडिलांना एक खोली मिळाली होती. चूल काकूची. भाजीला मीठ किती घालायचं हेसुद्धा आईला काकूला विचारावं लागे. तिनं हे कधी सांगितलं नाही. दिवाळीत गेलो तेव्हा मीच पाहिलं. चामराजपेटेतलं घर विकलं गेलं तर मिरजेत दोन खोल्या घेता येणार होत्या, आणि आईला तिची चूल मिळणार होती. म्हणून दार वाजलं की मी हातातलं पुस्तक टाकून उघडायला धावायचो.

एक गृहस्थ गवंड्याला घेऊन आले. गवंड्यानं भिंतींवर काठीनं टकटक केलं, तुळईला खिळा टोचून वाळवी बघितली, मग मान वर करून कौलांकडे बराच वेळ बघत राहिला. जे काही दिसलं ते तो त्या गृहस्थांना हळू आवाजात कन्नडमध्ये सांगत होता आणि मी दोघांच्या मागे मागे. आणखी एकजण आले, त्यांनी न्हाणीघरात बादली ओतून पाणी कुठे जातं ते पाहिलं. 'कळवतो' म्हणून सगळे जायचे. मग मी उघडलेली दारं एकेक करून लावत यायचो. रिकाम्या घरात दार लावल्याचा आवाज फार मोठा होतो. मी राहायचो फक्त पुढच्या खोलीत. जेवण मेसमध्ये.

मग एक शिंपी आले. त्यांच्या कितीतरी पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. त्यांचं कन्नडमिश्रित मराठी ऐकून मला आधी हसू आलं, मग बरं वाटलं. कित्येक महिन्यांत त्या घरात मराठी बोललं गेलं नव्हतं. त्यांना घर आवडलं. "पण आमची अम्मा बघायला पाहिजे," ते म्हणाले. "ती सरी म्हणाली की सरी." सरी म्हणजे ठीक.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. सगळी गल्ली तिला आज्जी म्हणायची, मीही म्हणालो. तिनं भिंतींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"विहीर कुठं आहे रे?"

मी परसात नेलं. तिनं स्वतः पोहरा ओढला, चूळ भरली. "चव बरी आहे. पण जिभेचं काय खरं? डाळ शिजते काय बघू. स्वल्प डाळ दे."

घरी आलेल्या माणसानं डाळ मागितली आणि नाही कसं म्हणायचं? फळीवर आईचा डबा होता, तो काढून दिला. परसात जुनं सरपण पडलं होतं, ते आणलं. आज्जीनं चूल पेटवली. ती चूल आई गेल्यापासून पेटली नव्हती. पाणी उकळलं, पुन्हा घातलं, पुन्हा उकळलं. सरपण संपत आलं तेव्हा तिनं एक दाणा चिमटीत धरून दाबला आणि माझ्यापुढे केला. दाणा तसाच होता.

"नको रे बाबा. या पाण्यात आमच्या एवढ्या माणसांचं सारू कधी शिजायचं? माझ्या सुनेचा जन्म जाईल चुलीपुढं."

तिचा मुलगा दारात उभा होता. त्यानं तिच्या चपला पुढे केल्या.

मला ते पटेना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विहिरीचं पाणी बाटलीतून नेऊन साबणाची चाचणी केली. फेस छान आला. पाणी जड नव्हतं, मग डाळ का शिजू नये? पण असं जाऊन कुणाला सांगायचं? 'साबणाला फेस आला' म्हणून आज्जी घर घेणार होती थोडीच. रविवारी मेस बंद असायची. मी कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी आणलं, उरलेलं सरपण लावलं आणि डब्यातली तीच डाळ शिजत ठेवली. चुलीशी बसायची मला सवय नव्हती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डाळ नळाच्या पाण्यातही शिजली नाही.

दोष पाण्यात नव्हता. डाळ जुनी झाली होती. मिरजेला जाताना आईनं एरंडेल लावून, उन्हात वाळवून तो डबा माझ्यासाठी भरला होता, आणि आज्जी येईपर्यंत मी तो एकदाही उघडला नव्हता. भुकेल्या पोटी मी त्या पातेल्याकडे बघत बसलो.

शिंप्यांकडे जायला मला दोन दिवस लागले. आज्जी ओट्यावर काजं करत बसली होती.

"आज्जी, पाण्याचा दोष नाही. डाळ जुनी होती."

"किती जुनी?"

"आई मिरजेला जाताना एरंडेल लावून ठेवून गेलेली. वर्ष झालं."

"वर्षभर तू डबा उघडला नाहीस? मग खातोस काय, पुस्तकं?"

"मेसमध्ये जेवतो."

"ऐकलं काय रे? आईनं डाळ एवढी एरंडेल चोळून ठेवली, अन् हा मेसमध्ये जेवतो! कॉलेज शिकतो म्हणे!" आतल्या शिलाई मशिनी थांबल्या, सगळे हसले. मीही हसलो. माझी अशी थट्टा करणारं त्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवारी ती स्वतःची डाळ आणि सुनेला घेऊन आली. मी पाणी ओढून दिलं. आणखी एक कळशी भरून परत आलो तर स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं.

"रुब्बू गुंडू इथं ठेवू, तुला तिकडून उजेड पडेल."

"फळी खाली घ्यायला पाहिजे अम्मा, हात पुरत नाही."

वाटणाचा दगड कुठे ठेवायचा इथपर्यंत त्या पोचल्या होत्या, म्हणजे डाळ शिजली होती. मी कळशी घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. दोघी चुलीसमोर होत्या, आत जायला जागा तर होती, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आत येऊ का?"

"ये की," आज्जी म्हणाली, शेजारच्या घरातून कुणी आलं असावं तशी. मग तिनं मला ताटलीत भात आणि वर ती डाळ वाढली. "खा. मेसमध्ये असं मिळतंय काय?"

संध्याकाळी मी पोस्टात जाऊन मिरजेला तार केली, घर ठरलं म्हणून. परत येऊन स्वयंपाकघर झाडलं, चुलीतली राख भरून परसात टाकली. बोलायला कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात कागद झाले आणि मी वसतिगृहात राहायला गेलो.

तार पोचली त्याच दिवशी आईनं बाजारातून तवा आणला, असं वडिलांनी नंतर कळवलं. खोल्या अजून बघायच्याच होत्या. तवा तिनं खाटेखाली ठेवला होता, काकूच्या नजरेला पडू नये म्हणून. परीक्षा संपेपर्यंत मला तो बघता आला नाही.