थोरल्याच्या पाठीवरचं वारं

विमानात एकदाही न बसता विमानप्रवासाने दुसऱ्यांना दमवणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच असेल, आणि नशीब माझं असं की कोरेगावात तो नेमका माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी गाद्या भरतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांचा थोरला मुलगा दोह्याला असतो आणि धाकटा न्यूझीलंडात, ऑकलंडला. माझं शटर अर्धं वर गेलं की चाचा दाढीला चिकटलेल्या कापसासकट येऊन स्टुलावर बसतात आणि विचारतात, आज दोहा ते ऑकलंड किती दाखवतंय. मी तेच सांगतो: साडेचौदा हजार किलोमीटर, सोळा-सतरा तास, मधे थांबा नाही. काल होतं तेवढंच अंतर आज आहे, हे त्यांना पटत नाही. आधार कार्ड घेऊन ताटकळलेल्या गिऱ्हाइकालाही ते विचारतात, एवढं बसून पाय सुजत असतील का हो. कोरेगावपासून ही गावं किती लांब, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

चाची गेल्या तेव्हा दफन थांबवता येत नव्हतं. थोरला कसाबसा पोचला, धाकटा वाटेतच राहिला. आईला माती द्यायलासुद्धा आला नाहीस, असं थोरला त्याला फोनवर बोलून गेला आणि तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. रीतीप्रमाणे धाकट्यानेच थोरल्याकडे जायचं. पण एकदा मला दुर्बुद्धी झाली. ऑकलंडहून दोह्याला येताना वारा समोरून असतो, म्हणून विमानाला वेळ जास्त लागतो, असं मी बोलून गेलो. जन्मभर कापूस पिंजलेल्या माणसाला वाऱ्याचं काय सांगायचं! चाचांनी तिथेच निकाल दिला.

"धाकट्याला वारं तोंडावर हाय, थोरल्याला पाठीवर. मग ज्याला सोपं त्यानं जावं, न्हवं?"

हा निकाल पुढे न्हाव्याने ऐकला, कुपवाडला पुतणीच्या लग्नात काझींनी जेवता जेवता ऐकला आणि थोरल्याने तर दर शुक्रवारी फोनवर ऐकला. अब्बा, ह्यात वाऱ्याचा काय संबंध, असं तो बिचारा म्हणायचा. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, चाचा, सोडा आता.

"सोडू कसं, गड्या? मी गेल्यावर ह्या दोघांनी कुनाच्या घरी भेटायचं?"

 मी पुन्हा तास बघून सांगितले.

गेल्या आठवड्यात थोरला खरंच धाकट्याकडे गेला. धाकट्याने ऑकलंडच्या विमानतळावरून फोटो पाठवला: दोघे शेजारी उभे, थोरल्याची बॅग धाकट्याच्या हातात. चाचांनी तो बराच वेळ बघितला. मला वाटलं, सुटलो, आता स्टूल मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलेच. बसले, दाढीतला कापूस काढला आणि हळू आवाजात म्हणाले,

"तितनं कोरेगावला किती तास लागत्यात, बघ की जरा."

मी बघितलं. मुंबईपर्यंतचे तास सांगितले, पुढचा गाडीचा रस्ता सांगितला.

"आनि वारं?"

इकडे येतानाही वारा समोरूनच असतो.

"पाठीवर हाय, चाचा," मी म्हणालो.

ते उठून गेले. दुपारी बघतो तर कुणाची मागणी नसताना चाचांनी दोन नव्या गाद्या भरायला घेतल्या होत्या.