बिननावाच्या पेट्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, उलटलेल्या होडीतली प्रेतं किनाऱ्यावर ओळीने ठेवलेली पाहिली. त्यातलं पुष्कळसं विसरलो. पण आंब्याच्या पेट्यांची ती साधी घटना आजही आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो.

दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. गावात एक हायस्कूल होतं. त्याच्या छपराची दशा अशी, की पावसाळ्यात दोन वर्गांत बादल्या मांडून शिकवावं लागे. सरकारी अनुदानात पगार भागत, कौलांना कोणी विचारत नसे. म्हणून मुख्याध्यापकांनी दरवर्षी एप्रिलअखेर गावच्या बागायतदारांनी शाळेला दिलेल्या आंब्याच्या पेट्यांचा लिलाव सुरू केला होता.

हे मुख्याध्यापक मोठे योजक. मुंबईतल्या शाळांच्या परीक्षा संपून चाकरमानी गावी आले की त्यानंतरचा पहिला रविवार ते धरायचे. लिलाव पुकारायला हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव करणारा एक खणखणीत गळ्याचा माणूस आणायचे. एकमेकांशी वाकडं असलेल्या दोन मुंबईकरांना मुद्दाम पहिल्या रांगेत शेजारी बसवायचे, म्हणजे बोली आपोआप चढते. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

पहिली दोन वर्षं पेटीवर बागायतदाराचं नाव असे. झालं काय, की बड्या नावाच्या पेटीवर उड्या पडत आणि चार कलमं असलेल्या गरिबाची पेटी कोणी विचारेना. दोघातिघांना ते फार लागलं. तेव्हा मुख्याध्यापकांनी नियम केला: पेटीवर नाव नाही, रंगाची खूण नाही. प्रत्येकाने शनिवारी सकाळी पेटी शाळेच्या कोठीत आणून ठेवायची आणि निघून जायचं. घेणाऱ्यानेही ती तिथे उघडायची नाही. आंबा कच्चाच भरलेला असतो, तो आठवड्याने पेंढ्यात पिकतो. तोवर पेटी मुंबईला पोचलेली असायची. हेतू चांगलाच होता.

त्या वर्षी मे महिन्याच्या मध्याला तिघे मुंबईकर ठाण्यात आले. चांगलेच तापले होते. पेट्यांत वरचा थर हापूसचा आणि खाली बोराएवढे रायवळ, त्यातले निम्मे डागी. "साहेब, शाळेसाठी म्हणून आम्ही दुप्पट-तिप्पट मोजले. पैशाचं काही नाही हो, पण आमचा पार मामा केला." तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने एक निनावी फोन घेतला. बोलणारा एवढंच म्हणाला, की लिलावाच्या आदल्या दुपारी शाळेचा शिपाई कोठीत हातोडी घेऊन पेट्या उघडत बसला होता, त्याला विचारा.

कोठीची किल्ली शिपायाकडेच असायची. मला वाटलं, झालं, सुटलं प्रकरण. इथेच मी चुकलो.

शिपाई पन्नाशीचा, काटकुळा. शाळा सुरू झाली तेव्हापासून घंटा देणारा. धाकटी मुलगी त्याच शाळेत नववीत. मी त्याला बोलावून बाकावर बसवलं. पेट्या उघडल्यास का? "उघडल्या, सायब." आंबे काढलेस? "काढले." हापूस कुठे विकलास? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो आणि तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. हवालदाराने त्याच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या. मी समोरच खुर्चीत होतो. मी त्याला थांबवलं नाही. हे लिहायला जड जातं, पण घडलं ते तसंच.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला आणि म्हणाला, "मीच चोरले. लिहून घ्या. पण शाळेचं नाव कुठं येऊ देऊ नका."

इतकी वर्षं जबाब घेतल्यावर एक गोष्ट कळते. खरा चोर कबूल झाला की त्याला बोलायचं असतं. कसं केलं, कोण भेटलं, सगळं सांगून मोकळा होतो. हा नुसतं "लिहून घ्या" म्हणत होता. आंबे कोणाला विकले म्हणून खोदून विचारलं तेव्हा रत्नागिरीतल्या एका दलालाचं नाव त्याने घेतलं. मी दलालाकडे माणूस पाठवला. तो दलाल गेले चार महिने अंथरुणाला खिळलेला, धंदा बंद. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणाला पाठीशी घालतोय हा?

दोन पंच घेऊन त्याच्या घरी झडतीला गेलो. मातीचं घर, मागे गोठा, त्यापलीकडे दहा-बारा कलमं. एकाही कलमाला फळ नव्हतं. त्या वर्षी मोहर जळाल्याने सगळ्याच बागांचे हाल होते, याची तर पार धूळधाण झाली होती. गोठ्याच्या कडेला मात्र आंब्यांचा ढीग. रायवळ, डागी, सडके. दोन गुरं तेच खात होती.

शिपायाची बायको दारात उभी होती. मी विचारलं, "बाई, हे आंबे कुठले?"

"शाळंतले."

"आणि चांगले कुठे गेले?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला साधं काही कळतच नाही. "चांगले कसले, सायब? दरसाल हे आमच्याच कलमांचा हापूस घमेल्यानं शाळंत नेतत आन् लोकांनी दिलेली घाण घरी आणतत. ह्यांनी काय सांगितलंनी नाय तुमाला? यंदा आमालाच फळ नाय. चार-पाच पेट्यांपुरतं पाहुण्याकडनं मागून आणलंनी. बाकीच्या तशाच गेल्या."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. मी खाली बसून तो ढीग उकरला. पेंढ्यात पेटीच्या तळाला घालतात तसले कागद होते. त्यातला एक टपालाने येणाऱ्या साप्ताहिकाचं वेष्टन निघाला. त्यावर नाव-पत्ता छापलेला: शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार.

म्हणजे चोर असा कोणी नव्हताच. पेटीवर नाव नाही म्हटल्यावर ज्याने त्याने हिशेब केला, की एवढ्या पेट्यांत माझी एक खपून जाईल. असं किती वर्षं चाललं होतं देव जाणे. शिपाई दरवर्षी शनिवारी दुपारी पेट्या उघडून बघायचा, वाईट काढून आपलं चांगलं घालायचा आणि पट्ट्या पुन्हा ठोकायचा. लिलावाचा लौकिक झाला तो मुख्याध्यापकांच्या योजनेने, असं गाव समजत होतं. मीही समजत होतो.

त्याला पुन्हा ठाण्यात बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. म्हटलं, "आता खरं सांगा. कोणाकोणाच्या पेट्या होत्या?"

"सायब, पेंढा लावायची ज्याची त्याची रीत असते. पेटी उघडली की मला कळतं कोणाची ती. पण मी नावं घेणार नाय."

"अहो, तुमची नोकरी जाईल. मुलीला शाळेत तोंड दाखवता येणार नाही."

"नावं घेतली तर पुढल्या साली पेटी कोण देईल? एक चोर सापडला म्हटलं की लोक पुन्यांदा बोली लावतील. छप्पर व्हायला हवं, सायब." मग त्याने हात जोडले. "तुमी पण कुठं बोलू नका. शब्द द्या."

मी शब्द दिला. का दिला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पहिल्या दिवशीच्या त्या दोन मुस्काटात मला टोचत होत्या, हे एक कारण असावं. त्याच्या बायकोचा आणि पंचांचा जबाब घेऊन, गैरसमजातून तक्रार झाली असा अहवाल मी कोर्टात पाठवला. कोर्टाने प्रकरण बंद केलं. कागदावर तो सुटला. पण कोर्टाचा कागद गावात कोण वाचतो? आणि त्या पंचांच्या घरच्या पेट्याही कोठीत गेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

संस्थेने त्याला कामावरून काढलं होतं. त्याला परत घ्या, म्हणून मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवलं. म्हणाले, "साहेब, तुमचा मान राखला असता. पण पोलिसांनी दोन दिवस बसवलेला माणूस शाळेत घंटा देणार? मुलांवर काय संस्कार?" ते वेष्टन माझ्या खिशात होतं. ते मी बाहेर काढलं नाही.

पुढच्या एप्रिलला लिलाव झाला. चोर काढून टाकलाय, असं माइकवरून सांगण्यात आलं. बोली चांगली लागली. मे महिन्यात पुन्हा तक्रारी आल्या, आधीपेक्षा जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईकर फिरकलेच नाहीत आणि लिलाव बंद पडला. शिपायाच्या मुलीने शाळा सोडली आणि मामाकडे मुंबईला गेली. तो मासळी सुकवायच्या कामाला हर्णेला जाऊ लागला. तोवर माझी बदली झाली होती.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी एका माणसाला दिवसभर एकच प्रश्न विचारत राहिलो, की पेटीतून काढलेलं कुठे विकलंस. पेटीत काय घातलंस, हे विचारायचं मला सुचलंच नाही. विचारलं असतं तर तेव्हा कदाचित तो बोलला असता. मार खाल्ल्यावर, चोर म्हणून नाव फुटल्यावर त्याला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्या पोरांना शिकवताना मी हे सांगायचो. ती वहीत लिहून घ्यायची.

काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. मी रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने गेलो. स्मशानात गाव जमलं होतं. अध्यक्षही होते, बरेच थकले होते. मला ओळखून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तेवढी एक चूक सोडली ना साहेब, तर माणूस चांगला होता."

त्याची मुलगी दोन पावलांवर उभी होती. तिने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिलेला होता. मी मान डोलावली.