कावळे न उतरणारं शेत

वडिलांची रक्षा नदीत न सोडता आमच्याच शेतात मिसळायची, हा हट्ट माझा. भावकीनं तो कुरकुरत मानला. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षेवर आंब्याचं रोप लावलं, मक्याच्या बांधावर केळीच्या पानात निवद ठेवला: दहीभात, कांदाभजी, कपभर चहा. मग मागे सरून सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

साडेआठ वाजले. साडेनऊ वाजले.

आईनं सकाळीच मधुमेहाची गोळी घेतली होती. पण कावळा शिवल्याशिवाय ती काही खाणार नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी खडीसाखर पुढं केली. तिनं माझा हात बाजूला सारला.

"घाटावर कवाच शिवला असता," चुलते म्हणाले. "तितं कावळे पंगतीला बसल्यागत असत्यात. आता काय म्हणत्यात तुझी पुस्तकं?"

"दादाच्या मनात काय तरी राहिलंय," आत्या म्हणाली. "लेकीच्या लग्नाचं असंल."

"तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली की!" चुलते माझ्याकडे बघत म्हणाले.

मग एकेकानं हात जोडून वचनं दिली. म्हैस विकणार नाही. वाटणीवरून भांडणार नाही. कावळा आला नाही.

कावळे नव्हते असं नाही. शेजारच्या रानात ट्रॅक्टर नांगरत होता. त्याच्यामागं बगळे, साळुंक्या आणि कावळे अळ्या टिपत होते. त्यातला एक आमच्याकडे निघाला, मक्यापर्यंत आला आणि ओरडत माघारी वळला. तेव्हा मला आठवलं. काही वर्षांपूर्वी कणसं वाचवायला वडिलांनी तारेला चिकटून मेलेला कावळा इथंच काठीला उलटा टांगला होता. दिवसभर शेकडो कावळे वर कालवा करत होते. त्यानंतर या रानात एकही उतरला नाही. नव्या पिल्लांना कसं कळणार, असं मी विचारलं होतं. "थोरली सांगत्यात की," वडील म्हणाले होते.

मी पान उचललं.

"ठेवलेला निवद उचलत न्हाईत!" चुलते आडवे आले.

"नेऊ द्या तिला," आई म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "त्यांनीच टांगला हुता. मी हुते तवा."

शेजारच्या रानात नांगराच्या ताज्या तासात मी पान ठेवलं. मला बघून ट्रॅक्टरवाल्यानं, मयताचा मान म्हणून, इंजिन बंद केलं. सगळे पक्षी भर्रकन उडाले.

"बंद करू नका, पावणं! चालवा, चालवा!"

तो गोंधळला, मग इंजिन पुन्हा धडधडलं. आधी बगळे परतले. एक साळुंकी पानाजवळ आली आणि भजी ओढू लागली.

"साळुंकी धरत न्हाईत," मागून चुलते म्हणाले.

ढेकळावर एक कावळा तिच्याकडे मान वाकडी करून बघत होता. तिला काही होत नाही, हे त्यानं पुरतं बघून घेतलं. एक उडी. थांबला. दुसरी. भातात चोच मारून तो उडाला आणि लगेच चार-पाच कावळे पानावर तुटून पडले.

"शिवला गं!" चुलते बांधाकडे तोंड करून ओरडले.

मी वळले. आत्यानं आईच्या तोंडात दहीभाताचा घास घातला होता. आई तो चावत नव्हती. तोंडात धरून नुसती समोर बघत होती. मी ढेकळं तुडवत धावले, तिचे थंडगार हात धरले.

"गिळ," मी म्हणाले. "आई, गिळ गं."