आता श्वास धरायचा नाही

काका दरवर्षी महाधमनीतला रक्तप्रवाह तपासायला येत. एमआरआयच्या बोगद्यात पाऊण तास पडायचं आणि काचेपलीकडून टेक्निशियनबाई माइकवर सांगायची, "श्वास धरा, काका... सोडा." मधल्या वेळात गप्पा; गेल्या वर्षी काकांच्या दारी येणाऱ्या मांजराची गोष्ट अर्धीच राहिली होती. दोघांच्याही घरी बोलायला चिटपाखरू नव्हतं.

यंदा नवी पद्धत आली. काम पाच मिनिटांचं, श्वास धरायचीही गरज नाही. बाई गप्प बसली होती. एकाएकी पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट झाली. तिनं घाबरून बटण दाबलं.

"काका, श्वास घ्या. धरायचा नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत," काका धापा टाकत म्हणाले. "पण सोडा म्हणायला तरी बोलाल, असं वाटलं."

चित्रं तर आली होती. तरी ती म्हणाली, "पडून राहा जरा. मांजराचं काय झालं मग?"