मुद्देमाल: एक रबरी पाइप

पोलिसाची आठवण म्हटल्यावर तुम्ही दरोडा, खून, पाठलाग यांची वाट बघत असणार. बघा! माझ्या गोष्टीत चोरीला गेला एक रबरी पाइप. तरी ती केस आठवली की आजही मान खाली जाते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी मुळशीत नवा कॉन्स्टेबल. तपासापेक्षा नकला बऱ्या जमायच्या. साहेबांची चाल, हवालदारांचं घोरणं, सगळं काढायचो. एका खडी क्रशरच्या मालकानं फिर्याद दिली, बागेतला पाइप गेला. त्याच्या मुकादमानं खबर आणली, मशीनवरच्या कामगारानं नेलाय. आणला त्याला.

"पाइप कुठाय?" हवालदार विचारायचे. तो तोंड उघडायचा आणि नुसता खोकायचा. कोरडा, लांबलचक खोकला, शेवटी शीळ.

"नाटकं करतोय," हवालदार म्हणाले.

मला राहवेना. तोच खोकला काढला, शिळेसकट. सगळं ठाणं हसलं. मग परत काढला.

तेवढ्यात बाहेर बसलेली त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत आत आली. "धरा, घोटभर घ्या..."

नवरा गप्प उभा होता. खोकत होतो मी.

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. "चला साह्येब, दावते पाइप."

क्रशरवर पाइप गोणपाटाखालून थेट मशीनच्या तोंडाशी नेलेला. मालक तिथं नव्हता आणि दगडावर पाणी पडत होतं.

"मालकानं मशीनवरचं पाणी बंद केलंय," ती म्हणाली. "दगडाची बारीक कच ओली झाली की चाळणीत अडकती, माल कमी निघतो म्हनं. ह्यांचं दोन सोबती खोकूनच गेलं. डाक्टर म्हनला, छातीत दगडाची धूळ बसलीया. म्हनून मालक नसला की धूळ उडू नये म्हनून ह्ये पाणी सोडत्यात."

मी पंचनामा केला, पाइप गुंडाळून जप्त केला. केस सुटली. मशीन कोरडीच चालू झाली आणि दोन मिनिटांत माझी वही पांढरी पडली. पंचनाम्यात पाइपची लांबी होती, धुळीबद्दल अक्षर नव्हतं. फिर्याद कोण देतोय यापेक्षा कुणाला देता येत नाही ते आधी बघावं, हे मी तिथं शिकलो. पण पाइप खांद्यावर घेतल्यावर.

मला खोकला आला. या वेळी खरा.

ती बाई वळली. "लाज कशी वाटली न्हाई रं तुला? खोकला झ्याक काढतोस, पर अर्धाच शिकलास. आमचं ह्ये खोकून झालं की रगत थुकत्यात. पाइप नेतुयास न्हवं? मग हितंच उभा ऱ्हा वरीसभर. ऱ्हायलेलं अर्धं तुला मशीनच शिकवंल."