दगडावरच्या बाईचं माहेर

त्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायकोने एका मेलेल्या गोऱ्या बाईच्या थडग्याचा दगड घासला. हिने पिशवीत जुना टूथब्रश आणि पाण्याची बाटली आणली होती. ही घासायची, मी पाणी ओतायचो. मग बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. हिच्याबरोबर एवढंच शेवटचं झालं.

आम्ही परदेशात, स्कोफिल्ड्सला मुलाकडे आलो होतो ते थोड्या महिन्यांसाठी. कोरोना आला, विमानं बंद झाली, अडकलो. नवीन घरांची वसाहत, सगळी एकासारखी एक. बाहेर पडायचं ते फक्त चालायला. चालत गेलं की पडक्या कुंपणाचं एक जुनं कबरस्तान लागायचं. मला तिथे काय, दगडच. मी चौथीपर्यंत शिकलेला, आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या. ही मॅट्रिक. एकेक अक्षर लावून वाचायची आणि मला सांगायची.

तिथे एक म्हातारी यायची, इथलीच. मास्क लावून लांब उभी राहायची. तिच्या खापरपणजोबाचा आजा का कोण, तो इंग्लंडहून जहाजाने आलेला पहिल्या लोकांतला. सरकारने त्याला इथे जमीन दिली म्हणे. मी म्हटलं, सरकारची कुठली, आधी कुणीतरी राहत असेलच की. हिने ते आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलंसुद्धा. म्हातारी खाली बघून म्हणाली, होते, त्यांना हाकललं.

म्हातारी त्या माणसाचा सगळा वंश शोधत होती. त्याचा बाप, आजा, कुठलं गाव, सगळं तिच्याकडे होतं. आमच्या हिला नाद लागला. रोज नवा दगड. ही थोरली सून, हे तिचं तान्हं, बघा, एकाच आठवड्यात दोघं गेली. सोयरीक जुळवावी तसं चाललेलं. पण त्या पहिल्या माणसाच्या बायकोपाशी अडलं. दगडावर त्याचं नाव मोठं, खाली तिचं नुसतं पहिलं नाव आणि 'याची बायको'. बास.

हिने म्हातारीला विचारलं, या बाईचं माहेर कुठलं? म्हातारीला ठाऊक नव्हतं. ते कधी कुणी शोधलंच नव्हतं. बघते म्हणाली.

त्यावर हिचं रोज सुरू, सापडलं असेल का, सापडलं असेल का. मी वैतागून म्हटलं, "तुला काय करायचंय? मेली ती."

"मेली म्हणून काय तिला माहेर नव्हतं?"

आमच्यात लग्नात मुलीचं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने मीच हिचं नवं नाव लिहिलं होतं, भटजींनी अक्षरं सांगितली तसं. पुढे एकटा हिचा भाऊ जुन्या नावाने हाक मारायचा. तो गेला आणि ती हाक गेली.

तर त्या सकाळी त्या बाईचा दगड घासून झाल्यावर बाकावर मला म्हणाली, "अहो, माझं जुनं नाव आठवतंय का?"

"आठवतंय की."

"म्हणा बघू."

या वयात बायकोला नावाने हाक मारायची म्हणजे मला कसंतरीच झालं. म्हटलं, "चहा दे." ती हसली आणि चहा ओतला.

दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली. बरोबर एकच माणूस चालेल म्हणाले. मला इंग्रजी येत नाही म्हणून मुलगा गेला. मी दारात उभा. गाडीचं दार लावताना ती माझ्याकडे बघत होती, तोंडावर मास्क, काही बोलली का तेही कळलं नाही. दिवेलागणीला मुलाचा फोन आला. सुनेने घेतला आणि तिथेच खाली बसली. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे फोनवर होते. मी चपला घातल्या आणि निघालो. थर्मास सवयीने घेतला. रिकामाच.

म्हातारी माझ्याआधी आलेली. मला बघून लांबूनच हात हलवला. सापडलं होतं. त्या बाईच्या बापाचं आडनाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. मला कळावं म्हणून हळूहळू, पुन्हा पुन्हा. मी ते तोंडात धरलं आणि हिला सांगायला मागे वळलो.

म्हातारीने विचारलं, वाईफ?

"वाईफ नो मोअर," मी म्हटलं. तेवढं येतं.

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग विचारलं, तिचं नाव काय होतं? इतके महिने दोघी बोलत होत्या, पण नाव कधी विचारलंच नव्हतं.

मी जुनं नाव सांगितलं. माहेरचं. मोठ्याने. म्हातारीला नीट म्हणता येईना. तिला जमेपर्यंत मी सांगत राहिलो.